आक्काचं पोरगं

मला मूलबाळ नाही. लग्न झालं होतं, चार वर्षं टिकलं. मूल होत नाही म्हणून त्यांनी दुसरी आणली आणि मी माझी ट्रंक उचलून परत आले. त्यात रडण्यासारखं जेवढं होतं तेवढं तेव्हाच रडून झालंय, वाचणाऱ्यानं उगाच हळहळू नये. सांगायचं ते वेगळंच. माझ्या माहेरी, मंगळवेढ्याच्या पलीकडं माळावर, मला एक पोरगं आहे असं सगळे धरून चालतात. ते पोरगं प्रशांत महासागरात राहतं. दोन-चार-सहा वर्षांतून, मनाला येईल तेव्हा येतं. आलं की बहुतेक वेळा आपल्याकडचा पाऊस बिघडतो. पेपरात त्याला एल निनो म्हणतात. माझ्या धाकट्या भावानं ते माझ्या ओटीत घातलं, आणि त्यापायी मी त्या भावाला सहा वर्षं दाराबाहेर ठेवलं.

आम्ही मेंढरंवाले. वडील गेले तेव्हा मी सातवीत होते आणि भाऊ चौथीत. दोघांपैकी एकानं मेंढरांमागं जायचं होतं. थोरली मी, खरं तर माझी पाळी. पण दिवाळी झाली की मेंढरं मुलूख सोडून निघतात, सहा-सात महिने रानोमाळ. पोरगी जात कशी पाठवायची, असं आई म्हणाली. मग तो गेला. जाताना त्यानं आपली पाटी माझ्या दप्तरात घातली. "तुजी फुटली तर असूदे," म्हणाला. त्या लोकरीवर आणि बोकडांवर मी शिकले, भूगोल घेऊन बी.ए., बी.एड. झाले आणि सोलापुरात एका हायस्कुलात चिकटले.

नोकरी नवी, अंगात शहाणपण मावत नव्हतं. तशातच एका साली पेपरात बातम्या यायला लागल्या, की एल निनो येतोय आणि तो शतकातला सगळ्यात थोरला ठरणार. झालं! मी शनिवारची सकाळची शाळा सुटल्या सुटल्या एस.टी. पकडली आणि माळावर पोचले. भाऊ दारात बसून वाघर सांधत होता. वाघर म्हणजे रात्री मेंढरं कोंडायची जाळी. मी काटकी घेतली आणि त्याच्यासमोर धुळीत प्रशांत महासागर काढला. इकडं आपण, तिकडं पेरू नावाचा देश. वारं एरवी समुद्राचं ऊन पाणी आपल्या बाजूला ढकलतं. एखाद्या साली ते वारं दमतं, मग ऊन पाणी उलटं पेरूकडं सरकतं आणि इकडचा पाऊस रोडावतो.

"आन त्याला असलं नाव कुनी ठिवलं?" त्यानं विचारलं.

"तिथल्या कोळ्यांनी. त्यांच्या काठाचं पाणी थंड असतं, त्यात मासे मायंदळ. पण दरवर्षी नाताळाच्या सुमाराला एक ऊन प्रवाह यायचा. मासे निघून जायचे, जाळी रिकामी. मग ते लोक होड्या काठाला लावायचे, घरी बसून जाळी सांधायचे, पोराबाळांत राहायचे. नाताळ म्हणजे त्यांच्या देवाचा, बाळ येशूचा जन्म. म्हणून त्या प्रवाहाला म्हणायचे, बाळ आलं. एल निनो म्हणजे ते बाळ, तो मुलगा. शास्त्रज्ञांनी मग तेच नाव ह्या मोठ्या भानगडीला दिलं."

भावाच्या हातातली सुई थांबली. "म्हंजी मासं पळवलं, तरी शिवी न्हाय दिली? बाळ म्हनली?"

"म्हणाले."

"लई ग्वाड मानसं म्हनायची." आणि मग हसून म्हणाला, "पर सगळ्या मुलखात त्याची खबर तुलाच लागली. म्हंजी तुजंच पोरगं की ते, आक्का!"

मी हसले नाही. सासरहून परत येऊन मला तेव्हा वर्षच झालं होतं. मी मुद्द्याचं बोलले. म्हटलं, औंदा गवताचं पातं दिसायचं नाही, मेंढरं आत्ताच वीक, तरणीताठी आहेत तोवर. आई नको नको म्हणत होती. वडिलांच्या हातची मेंढरं ती, त्यातल्या एकेकीची आजी-पणजी तिला ठाऊक. पण भाऊ म्हणाला, आक्का शिकलीया, ती उगं न्हाय बोलायची. आठवड्याच्या बाजाराला त्यानं सगळी मेंढरं विकली. दुधाला म्हणून दोन शेळ्या ठेवल्या.

आणि पाऊस आला. उशिरा आला, पण असा आला की माळावर गुडघाभर गवत. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. शतकातला थोरला एल निनो आला, पेरूत घरंदारं वाहून गेली, आणि आपल्या देशात पाऊस व्यवस्थित पडला. का, ते मी पुढं पोरांना वर्षानुवर्षं शिकवलं, दुसऱ्या एका समुद्रानं सांभाळून घेतलं वगैरे. पण तेव्हा मी दसऱ्याला माळावर गेले तर वाऱ्यानं गवत हलत होतं आणि खायला तोंड नव्हतं. भावानं त्या सालभर दुसऱ्याच्या विहिरीवर दगडं उचलली. आईनं माझ्याशी बोलणं टाकलं. भाऊ मात्र चकार शब्द बोलला नाही. ते तर मला जास्तच लागलं. शिव्या दिल्या असत्या तर हिशेब मिटला असता.

पुढं सहा-सात वर्षांत त्यानं एकेक करून पुन्हा मेंढरं जमवली. पण दर उन्हाळ्यात त्याचं ठरलेलं. फोनवर म्हणा, समोर म्हणा, "काय आक्का, तुजं पोरगं येतंय का औंदा?" त्याचं ऐकून भावजय विचारायची, चुलते विचारायचे, लग्नाकार्यात कुणीही उठून विचारायचं. मी म्हणायची, "मला काय माहीत? गड्ड्यावरच्या वासराला विचार." आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत संक्रांतीच्या दिवसांत भाकणूक असते. दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरापुढं धान्य, गूळ, पानसुपारी ठेवतात, आणि ते कशाला तोंड लावतं, बिचकतं का, मुततं का, त्यावरून पुढच्या सालचं पाऊसपाणी सांगतात. भाऊ मेंढरांमागं असला तरी दरवर्षी त्याची खबर काढायचा. मी त्याला मनातल्या मनात म्हणायची, जा, वासराचं ऐक, ते तरी तुला बुडवणार नाही. त्या प्रश्नात मला टोमणा ऐकू यायचा. मेंढरं घालवलीस, असा एक. आणि दुसरा म्हणजे पोर नाही तुला. हे दोन्ही त्यानं कधी उच्चारलं नव्हतं, पण माझे कान तयार होते.

मी मुदतीआधीच रिटायर झाले त्या श्रावणात घरी शाळेतल्या बायकांना चहाला बोलावलं होतं. नागपंचमी तोंडावर आलेली. पंचमीला बहिणीला माहेरी न्यायला भाऊ येतो, त्याला मुराळी म्हणतात. माझा मुराळी एक साल चुकला नाही. त्या दिवशीही खांद्यावर घोंगडं, हातात लुगड्याची पिशवी घेऊन तो दारात उभा राहिला आणि सगळ्या बायकांच्या देखत मोठ्यानं म्हणाला, "काय आक्का, पोरगं येतंय का औंदा?"

एक बाई म्हणाल्या, "अय्या, बाई, तुम्हाला मुलगा आहे? इतक्या वर्षांत बोलला नाहीत कधी!"

मी पोह्यांच्या बशा गोळा करत होते. तळपायाची आग मस्तकात गेली. बायका जाईपर्यंत कसंबसं दाबून धरलं, आणि मग त्याला म्हणाले, "परत त्या पोराचं नाव काढायचं असेल तर माझ्या दारात पाय ठेवू नकोस." उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. "बरं," म्हणाला. लुगडं कॉटवर ठेवलं, चपला घातल्या आणि गेला. चहासुद्धा प्यायला नव्हता.

पुढच्या पंचमीला तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी जाऊ शकत होते, एस.टी. काय मोडली नव्हती. पण मुराळी आल्याशिवाय पंचमीला माहेरी जायचं नसतं. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, त्यातली गत. आई गेली तेव्हा गेले, तेराव्याला परत आले, दोघंही एकमेकांशी भटजीच्या सामानाबद्दल तेवढं बोललो.

एकटं राहणं म्हणजे काय हे मला सोलापूरच्या नळानं शिकवलं. चार-पाच दिवसांनी पाणी येतं, कधी पहाटे, कधी भर दुपारी. घरात दुसरं माणूस असलं तर एकानं नळाशी बसावं, एकानं बाहेरची कामं करावी. मला ती सोय नाही. पाण्याच्या दिवशी मी लग्नाला जात नाही, दवाखान्यात जात नाही. बॅरल, दोन टिपं, कळशा, पातेली भरते आणि मग भरलेल्या भांड्यांच्या मधे बसून चहा पिते. एका माणसाला एवढं पाणी कशाला लागतं, असं शेजारीण एकदा म्हणाली. मी तिच्याशी महिनाभर बोलले नाही.

दोन हजार तेवीसच्या उन्हाळ्यात पेपरात पुन्हा ते नाव आलं. मी पेपर घडी घालून ज्वारीच्या डब्याखाली ठेवला. दुसऱ्या दिवशी काढून परत वाचला. फोन हातात घेतला. भावजयीचा नंबर लावला आणि रिंग जायच्या आत कापला. काय सांगणार? आणि माझ्या सांगण्यावर तो पुन्हा बाजारात उभा राहिला आणि पुन्हा पाऊस आला तर? एकदा त्याचं वाटोळं करून झालं होतं. मी स्वतःला बजावलं, गप बस. शिवाय विचारायचं त्यानं. दरवर्षी विचारत होता की. मग आता का नाही विचारत? माझ्याच तोंडानं बंद केलेलं दार, आणि मीच त्याच्या वाजण्याची वाट बघत होते.

जून तसाच गेला. जुलैत थोडं भुरभुरलं. त्या साली श्रावण दोन होते, अधिक सरला, निज लागला, आणि ऑगस्टात आभाळ कोरडं ठणठणीत. रोज सकाळी मी गच्चीवर जाऊन पश्चिमेकडं बघायची, जशी काही मीच नेमलेली होते त्या कामावर. माळावर आता काय असेल ते मला इथून दिसत होतं. कोकरांना दूध नसणार. मला सगळं ठाऊक होतं आणि मी गप्प होते.

पंचमीच्या दिवशी मी नवी पेठेत बांगड्या भरायला गेले. एकटीच. बांगड्या चढवता चढवता बाई म्हणाली, "मुराळी आला का, मावशी?" मी म्हटलं, "हिरव्या नकोत, साध्या भर." तेवढ्यात फोन वाजला. भावजय होती, आईच्या तेराव्यानंतर पहिल्यांदा.

"वन्सं, आमी कुंभारीजवळ हाव. मेंढरं घिऊन. तुमी येताव का?"

कुंभारी! माझ्या घरापासून रिक्षानं अर्ध्या-पाऊण तासावर. दिवाळीनंतर निघणारी मेंढरं भर श्रावणात बाहेर पडली होती. मी एका हातात बांगड्या आणि दुसरा हात मोकळा, तशीच रिक्षात बसले.

विडी कामगारांची घरकुलं संपतात तिथं एका पडीक रानात त्यांचं बिऱ्हाड होतं. तीन दगडांची चूल, एक घोडं, आणि मेंढरं. सगळ्यांच्या बरगड्या दिसत होत्या. भाऊ वाघर सांधत बसला होता. आईच्या तेराव्याला बघितला होता त्यापेक्षा पार म्हातारा झालेला. त्याला बघून मला रडूच येत होतं, पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"इतक्या जवळ येऊन घरी येता येत नाही होय रे?"

"तुज्या दारात पाय ठिवू नको म्हनलीस की."

"अरे, ते सहा वर्षांपूर्वी!"

"मग? ठिव म्हनून परत कवा म्हनलीस?"

भावजय चुलीपाशी भाकरी थापत होती. ती म्हणाली, "भीमंच्या काठानं खाली जायाचं हुतं, वन्सं. तिकडं हिरवं हाय. मधीच ह्यांनी हिकडं वळवलं. म्हनलं, हितं काय हाय, समदं वाळल्यालं. तर म्हनले, पंचमी हाय."

तीन-चार दिवसांची उलटी चाल, उपाशी मेंढरं घेऊन, आणि माझ्या दाराच्या अलीकडं थांबला, कारण मी तसं सांगितलं होतं.

त्यानं खाली बघतच विचारलं, "औंदा आलंय न्हवं, तुजं पोरगं?"

"आलंय."

"कवापास्नं ठावं हाय तुला?"

"उन्हाळ्यापासून."

सुई थांबली. "मग सांगायचं न्हाईस व्हय, आक्का? आदीच निगालो असतो. कोकरं वाचली असती काय तरी."

मग मात्र मी फुटले. म्हटलं, एकदा सांगितलं होतं ना, काय झालं त्याचं? वडिलांची मेंढरं माझ्या शहाणपणापायी गेली. सालभर तू दगडं उचललीस. आई मरेपर्यंत माझ्याशी धड बोलली नाही. आणि तू दरवर्षी तेच उकरून काढत होतास, पोरगं येतंय का, पोरगं येतंय का. मला काय कळत नव्हतं का?

तो माझ्याकडं असा बघायला लागला, जसं काही मी कुठल्या परक्या भाषेत बोलतेय.

"उकरून कशाला काडीन?" तो म्हणाला. "आगं, त्या साली मेंढरं न्हवती म्हनून मी दिवाळीनंतर घरी हुतो. जल्मात पयल्यांदा. त्या नाताळात आमची धाकटी पोरगी ह्याच वाघरीला धरून हुबी ऱ्हायली आन माज्याकडं चालत आली. चार पावलं. थोरल्या दोगांचं मी कायबी बघितलं न्हाय, आलो तवा पळतच हुती. हिचं बघितलं. गड्ड्यालाबी खांद्यावर बसवून न्हेली. तू सांगितलं हुतंस की, त्या कोळ्यांचं. जाळं रिकामं आन मानसं घरात. मला ते लई पटलं हुतं."

भावजय भाकरी उलटायची विसरली.

"आन इचारायचं म्हंजी," तो जरा लाजून म्हणाला, "सगळ्यांच्या पोरांचं इचारत्यात लोक. कवा आलं, कवा येनार. तुला कुनी कायच इचारत न्हवतं."

पंचवीस वर्षं मी त्या प्रश्नावर राग धरला होता. मला त्या रानात, त्या उन्हात, स्वतःची इतकी लाज वाटली की मी नुसती बांगड्या फिरवत बसले.

आम्ही भाकरी खाल्ली. मी म्हटलं, चल घरी. तो म्हणाला, "मेंढरं कुटं ठिवू, तुज्या गच्चीवर?" मग म्हणाला, "तूच ऱ्हा की हितं एक रात. पंचमी हाय. मुराळी तर झालो की न्हाय मी?" आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "उद्या पहाटे पाणी आहे रे." तोंडातून गेलं ते गेलं. तो जराही रागावला नाही. "व्हय की," म्हणाला. "पानी म्हंजी पानीच." मला रिक्षापर्यंत सोडायला आला.

पहाटे पाच वाजता नळ आला. बॅरल भरलं, टिपं भरली, कळशा भरल्या. त्या भांड्यांच्या मधे बसून चहा ओतला आणि तसाच ठेवला. उठले, दोन कॅन काठोकाठ भरले, रिक्षा बोलावली आणि कुंभारी गाठली.

रान मोकळं होतं. चुलीचे तीन दगड, गार राख, लेंड्या आणि वाघरीच्या खुंट्यांची भोकं. उन्हाच्या आत मेंढरं चालवायची असतात, मला माहीत नव्हतं असं नाही; मेंढरंवाल्याचीच पोर मी. दोन्ही कॅन जमिनीवर ठेवून मी तिथं उभी राहिले. मग भावजयीला फोन लावला. मेंढरांच्या बेंबाटण्यात तिचं बोलणं नीट ऐकू येईना.

"कुठं आहे तो?"

"म्होरं हाईत. मेंढरांपाशी."

"त्याला सांग," मी ओरडले. "माझ्या दारात ये म्हणावं. पाय ठेव म्हणावं."

ती त्याला हाक मारून सांगत होती ते मला ऐकू आलं. मग लांबून त्याचा आवाज, शब्द काही कळेनात. ती परत फोनवर आली.

"हासत्यात," म्हणाली. "इचारत्यात, पोराचं नाव काडलं तर चालंल का?"

"चालेल म्हणावं," मी म्हणाले. "माझंच आहे ते."